नव्या मोठ्या रस्त्यावर पर्यावरणीय हरकत नोंदवताना: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

पुणे परिसरात मोठ्या रस्त्याची आखणी जाहीर झाली की हरकतींचे गठ्ठे जमा होतात आणि काही महिन्यांनी त्यांतल्या बहुतेकांसमोर एकच शेरा उमटतो: ‘नोंद घेतली’. याचा अर्थ मुद्दा चुकीचा होता असा होत नाही. बहुतेक वेळा मुद्दा बरोबरच असतो. पण तो चुकीच्या कार्यालयात, चुकीच्या वेळी, किंवा उत्तर देण्याची गरजच पडू नये अशा शब्दांत मांडलेला असतो. या तीन चुका कशा टाळाव्यात, एवढ्यापुरताच हा लेख आहे. रस्ता हवा की नको, हा प्रश्न येथे घेतलेला नाही.

टप्पा १: हा रस्ता कोणत्या कायद्याखाली येतो, हे आधी ठरवावे

सर्वांत जास्त श्रम येथे वाया जातात. महापालिकेच्या विकास आराखड्यातील रस्त्यासाठी लोक प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जनसुनावणीची मागणी करतात आणि जिल्ह्यातून जाणाऱ्या महामार्गासाठी महापालिका आयुक्तांना निवेदने देतात. दोन्हीकडून ‘हा विषय आमच्या कार्यकक्षेत नाही’ असे उत्तर येते आणि तोपर्यंत मुदत संपलेली असते.

केंद्र सरकारच्या १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन (म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल, याचा आधी अभ्यास) अधिसूचनेत महामार्गांची नोंद अनुसूचीतील ७ (एफ) या क्रमांकाखाली आहे. तिच्यानुसार नवा राष्ट्रीय महामार्ग ‘अ’ वर्गात येतो आणि त्याची मंजुरी केंद्रीय पर्यावरण मंत्रालय देते. नवा राज्य महामार्ग ‘ब’ वर्गात येतो आणि त्याचा निर्णय राज्य पर्यावरण आघात मूल्यांकन प्राधिकरण घेते. राष्ट्रीय महामार्गाच्या रुंदीकरणाला मात्र २०१३ च्या दुरुस्तीनंतर मर्यादा लागू झाली आहे: लांबी १०० किलोमीटरपेक्षा जास्त असेल आणि जादा जमीन जुन्या आखणीवर ४० मीटरपेक्षा, किंवा नव्या वळणावर व बाह्यवळण रस्त्यावर ६० मीटरपेक्षा जास्त रुंदीची लागत असेल, तरच ही मंजुरी आवश्यक ठरते. ज्या रुंदीकरणात नवी जमीन घ्यावी लागत नाही, त्याला जनसुनावणीतूनही सूट आहे.

राज्य रस्ते विकास महामंडळाचा पुणे रिंग रोड मावळ, खेड, मुळशी, हवेली, पुरंदर आणि भोर अशा तालुक्यांतून जातो. अशा प्रकल्पात मूल्यांकन अहवाल, जनसुनावणी आणि तज्ज्ञ समिती हा पूर्ण मार्ग लागू होतो. वेताळ टेकडीवरून जाणारा बालभारती–पौड फाटा रस्ता किंवा १९८७ च्या विकास आराखड्यातून आलेला ‘एचसीएमटीआर’ (हाय कपॅसिटी मास ट्रान्झिट रूट) हा उन्नत मार्ग यांची गोष्ट वेगळी आहे, कारण ते महापालिकेच्या आराखड्यातील विषय आहेत. तेथे हरकतीचे मुख्य साधन महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हे असते. प्रारूप आराखडा प्रसिद्ध होतो तेव्हा कलम २६ खाली आणि मंजूर आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचा असतो तेव्हा कलम ३७ खाली ‘हरकती व सूचना’ मागवल्या जातात. मुदत सहसा तीस दिवसांची असते. तरीही अधिसूचनेत छापलेली तारीख हीच खरी मानावी.

या दोन मुख्य मार्गांखेरीज तीन स्वतंत्र परवानग्या असतात आणि प्रत्येकीवर वेगळी हरकत घेता येते. वनजमीन जात असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली केंद्राची मान्यता लागते. शहरी हद्दीत झाडे तोडायची असतील तर झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ खाली वृक्ष अधिकाऱ्याने जाहीर सूचना द्यावी लागते आणि ती झाडावरही लावावी लागते. रस्ता नदीकाठाने जात असेल तर जलसंपदा विभागाच्या निळ्या व लाल पूररेषा तपासाव्या लागतात.

इशारा: वृक्षतोडीच्या सूचनेची मुदत सहसा सातच दिवसांची असते. ज्यांनी मुख्य प्रकल्पावर महिनाभर काम केले, त्यांच्या हातून हीच मुदत सुटताना दिसते.

इशारा: जमीन संपादनाची हरकत आणि पर्यावरणीय हरकत एकाच कागदावर लिहू नये. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, १९५६ च्या कलम ३ए ची अधिसूचना निघाल्यापासून २१ दिवसांत कलम ३सी खाली संबंधित जमीनधारकाने द्यावयाची हरकत भूसंपादन अधिकाऱ्याकडे जाते. तिच्यात ओढ्याचा मुद्दा घातला तर तो कोणीही वाचत नाही, आणि पर्यावरणीय अर्जात मोबदल्याचा दर घातला तर पूर्ण अर्जच ‘मोबदल्याबाबत’ या रकान्यात जातो.

टप्पा २: उलट्या क्रमाने दिनदर्शिका आखावी

जनसुनावणीची सूचना किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतील दैनिकात प्रसिद्ध करावी लागते. हे तीस दिवस पुरेसे वाटतात, पण ते पुरत नाहीत. सुनावणीच्या तारखेपासून मागे मोजावे: शेवटचे पाच दिवस दाखल करण्यासाठी आणि पोच मिळवण्यासाठी, त्याआधीचे दहा दिवस लेखनासाठी, त्याआधीचे आठ दिवस प्रत्यक्ष पाहणीसाठी. म्हणजे कागद मिळवून वाचण्यासाठी हातात आठवडाच उरतो. माहिती अधिकाराच्या अर्जाला उत्तर देण्याची मुदतच तीस दिवसांची असल्याने, सूचना प्रसिद्ध झाल्यावर केलेला अर्ज सुनावणीसाठी उपयोगी पडत नाही. आखणीची पहिली बातमी येईल त्याच आठवड्यात तो करावा.

टप्पा ३: कागद मिळवावेत

पर्यावरण मंजुरीच्या प्रकल्पांची कागदपत्रे केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात. प्रकल्पाच्या नावाने शोध लागला नाही तर जिल्हा आणि प्रकल्पाचा प्रकार निवडून शोधावे, कारण आपण ज्याला रिंग रोड म्हणतो त्याचे कागदोपत्री नाव बरेचदा लांबलचक असते. तेथून अभ्यासाच्या कार्यकक्षेचे पत्र अवश्य उतरवून घ्यावे. अहवालात काय काय असलेच पाहिजे, हे शासनाने प्रकल्पकर्त्याला त्याच पत्रात लिहून दिलेले असते. हरकतीतील सर्वांत भक्कम वाक्ये या पत्राच्या आधारेच लिहिता येतात, तरी दहांपैकी नऊ जण ते उघडतही नाहीत.

मूल्यांकनाचा प्रारूप अहवाल आणि त्याचा मराठी व इंग्रजी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय येथे पाहण्यासाठी ठेवावा लागतो. कार्यालयात गेल्यावर प्रत ‘साहेबांकडे आहे’ असे सांगितले गेले तर वाद न घालता, त्या दिवशी त्या वेळी प्रत उपलब्ध नव्हती असे दोन ओळींचे पत्र आवक विभागात देऊन शिक्का घ्यावा. पुढे प्रक्रियेवर आक्षेप घ्यायची वेळ आली तर हा शिक्का फार मोलाचा ठरतो.

विकास आराखड्यातील रस्त्यासाठी महापालिकेच्या बांधकाम, पथ आणि उद्यान विभागांकडून अनुक्रमे आराखड्याचा भाग-नकाशा, रस्त्याचा तांत्रिक आराखडा आणि झाडांची यादी मागवावी. माहितीचा अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा, असा महाराष्ट्राचा नियम आहे. तीन विभागांची माहिती एकाच अर्जात मागितली तर तो परत येतो.

तपासणी: पुढे जाण्याआधी हातात चार गोष्टी असाव्यात: साखळी क्रमांक (रस्त्याच्या सुरुवातीपासून मोजलेले अंतर) दाखवणारा आखणीचा नकाशा, पूर्ण अहवाल, कार्यकक्षेचे पत्र आणि जाहीर सूचनेचे कात्रण. कात्रणावर वृत्तपत्राचे नाव आणि तारीख दिसलीच पाहिजे.

टप्पा ४: अहवाल कसा वाचावा

मराठी सारांश वाचून हरकत लिहू नये. सारांश दहा-पंधरा पानांचा असतो आणि त्यात सर्व काही आटोक्यात असते. मूळ अहवाल बहुधा इंग्रजीत असतो. इंग्रजी जमत नसेल तर महाविद्यालयात शिकणाऱ्या मुलामुलींना सोबत घेऊन बसावे, पण मूळच वाचावे. सारांश आणि मूळ अहवाल यांत झाडांची संख्या, वनक्षेत्र किंवा लांबी वेगवेगळी दिली असेल, तर ती तफावत हीच पहिली हरकत होते, कारण गावकऱ्यांना वाचायला मिळालेला कागद चुकीचा ठरतो.

वाचनाची सुरुवात पहिल्या पानापासून करण्याची गरज नाही. आधी पर्यायांच्या तुलनेचे प्रकरण काढावे. प्रकल्पकर्त्याने निवडलेली आखणीच का योग्य, हे येथे दाखवायचे असते. तीन पर्याय दिलेले असतात, पण त्यांतले दोन कधीच शक्य नसलेले असतात: एक थेट गावठाणातून, दुसरा धरणाच्या फुगवट्यातून. असे असेल तर तसे स्पष्ट लिहावे. अस्तित्वातील रस्त्याची सुधारणा आणि सार्वजनिक वाहतूक यांचा पर्याय म्हणून विचार झाला आहे का, आणि रस्ता न बांधल्यास काय होईल याचा हिशेब मांडला आहे का, हेही तेथेच पाहावे.

नंतर सद्यःस्थितीच्या मापनाचे प्रकरण घ्यावे आणि सर्वप्रथम मापनाचे महिने पाहावेत. हवा, पाणी, आवाज यांची मापने साधारणपणे एका ऋतूतील तीन महिन्यांत केली जातात आणि पावसाळा वगळला जातो. पुण्याच्या पश्चिमेला याचा परिणाम मोठा होतो. मुळशी, मावळ, भोरमधील डोंगरउतारांवरचे शेकडो ओहोळ मार्चमध्ये कोरडे असतात आणि जुलैत दुथडी भरून वाहतात. मार्चच्या पाहणीत त्यांची नोंद ‘हंगामी नाला’ एवढीच होते आणि त्यावर एखादी लहान नळकांडी मोरी काढून काम भागवले जाते. भरावाने अडलेले पाणी मग वरच्या बाजूच्या शेतात साचते. याशिवाय मापन तीन वर्षांपेक्षा जुने तर नाही ना, हेही पाहावे.

आवाजाच्या तक्त्यात निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असते. रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० असते. अनेक अहवालांत शाळेजवळच्या मापनाची तुलना व्यापारी भागाच्या ६५ डेसिबलशी केलेली आढळते. ही चूक शोधायला अभियंता असावे लागत नाही, नकाशा आणि तक्ता शेजारी ठेवले की पुरते. हवेच्या तक्त्यातही सूक्ष्म कणांची, म्हणजे पीएम २.५ ची, २४ तासांची मर्यादा ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर आहे, तर वार्षिक मर्यादा ४० आहे. तुलना कोणत्या मर्यादेशी केली ते पाहावे. शेवटी, खडी क्रशर, डांबर प्लांट, मुरमाच्या खाणी आणि राडारोडा टाकण्याच्या जागा अहवालात दाखवल्या आहेत का, हे शोधावे. रस्त्याचे निम्मे पर्यावरणीय ओझे रस्त्यावर नसून या जागांवर असते, असे माझे मत आहे, आणि नेमक्या त्याच जागा नकाशावरून गायब असतात.

इशारा: अहवालात दुसऱ्या राज्यातील नदीचे नाव किंवा येथे कधीच न दिसणारा प्राणी सापडला, तर तो मुद्दा जरूर लिहावा, पण पहिल्या क्रमांकावर नव्हे. ‘टंकलेखनातील चूक, दुरुस्त केली’ असे एका ओळीचे उत्तर देऊन तो संपवता येतो.

टप्पा ५: जागेवर जाऊन पुरावा गोळा करावा

पाहणीला जाताना आखणीचा नकाशा छापून न्यावा आणि प्रत्येक नोंद साखळी क्रमांकाशी जोडावी. ‘आमच्या गावाजवळचा ओढा’ हे वर्णन जिल्हाधिकारी कार्यालयात कोणालाही कळत नाही. ‘साखळी क्रमांक ७/४००, गट नंबर अमुक’ हे वर्णन प्रकल्पकर्त्यासाठी अहवाल लिहिणाऱ्या सल्लागाराला टाळता येत नाही (७/४०० म्हणजे ७ किलोमीटर ४०० मीटर). अक्षांश-रेखांश, तारीख आणि वेळ छायाचित्रावर उमटवणारे अॅप मोबाइलवर घ्यावे. शक्य असेल तर एकाच जागेचे, एकाच दिशेने, उन्हाळ्यातील आणि पावसाळ्यातील छायाचित्र जोडावे. असे जोडचित्र पानभर युक्तिवादापेक्षा जड भरते.

पाण्याच्या मुद्द्यावर थोडे अधिक थांबायला हवे. पुण्याचा परिसर दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. या खडकात पाणी वाळूच्या थरासारखे सगळीकडे सारखे मुरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि दोन लाव्हा थरांमधल्या झिजलेल्या पट्ट्यातून वाहते. म्हणून टेकडी कापून किंवा बोगदा काढून असा एखादा पाणीधारी पट्टा उघडा पडला, तर खालच्या अंगाच्या विहिरी आणि झरे आटू शकतात, जरी त्या रस्त्यापासून दूर असल्या तरी. अहवालात ‘भूजल पातळी खोल असल्याने परिणाम नगण्य’ असे वाक्य असेल, तर ती पातळी किती विहिरींत, कोणत्या महिन्यात मोजली, हे विचारावे. खोदकामाच्या दोन्ही बाजूंच्या विहिरींची पातळी दोर आणि टेपने स्वतः मोजावी, तारीख व मालकाची संमती लिहून ठेवावी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे मुख्यालय पुण्यातच आहे. तिच्या निरीक्षण विहिरींची आकडेवारी मागता येते.

झाडांची मोजणी करताना नाव, छातीच्या उंचीवरील खोडाचा घेर आणि ठिकाण असे तीन रकाने पुरेसे आहेत. सरकारी यादीतील क्रमांक झाडावर रंगवलेला असेल तर तोही लिहावा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला ‘हेरिटेज’ वृक्ष म्हणून वेगळे स्थान मिळाले आहे आणि भरपाईच्या लागवडीचा हिशेब तोडलेल्या झाडाच्या वयाशी जोडला गेला आहे. त्यामुळे यादीत झाडांचे वय कसे काढले, हा प्रश्न आता किरकोळ राहिलेला नाही. टेकडीवरील खुरटी, काटेरी झुडपे आणि गवताळ पट्टे यादीत येतच नाहीत. त्यांची स्वतंत्र नोंद करावी, कारण चंडोल, टिटवी यांसारखे पक्षी जमिनीवर घरटी करतात आणि त्यांच्यासाठी नवी लागवड हा पर्यायच नसतो.

नदीकाठच्या रस्त्यात पूररेषेचा नकाशा हाच मुख्य पुरावा असतो. निळी रेषा साधारणपणे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. मुठेच्या पात्रातून विठ्ठलवाडीहून महामार्गाकडे नेलेल्या रस्त्याचा वाद २०१३ मध्ये पर्यावरणविषयक खटले ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे याच निळ्या रेषेच्या आधारावर उभा राहिला आणि त्या रेषेच्या आतील भरावाविरुद्ध आदेश झाला. नदीच्या सौंदर्यावर लिहिलेली पाने तेथे उपयोगी पडली नसती.

इशारा: मोबाइलवरील अॅपने मोजलेला आवाज किंवा स्वस्त यंत्राने मोजलेली हवा पुरावा म्हणून देऊ नये. ‘उपकरण प्रमाणित नाही’ एवढ्या एका वाक्यात ती बाद होते आणि सोबतचे खरे मुद्देही संशयास्पद ठरतात. अशी मापने ‘येथे अधिकृत मापन घ्यावे’ या मागणीसाठी पार्श्वभूमी म्हणून वापरता येतात.

टप्पा ६: हरकत लिहावी

प्रत्येक हरकतीत चार गोष्टी याच क्रमाने याव्यात: अहवालात काय लिहिले आहे आणि कोणत्या पानावर, जागेवर काय आढळले, या फरकामुळे कोणती हानी होईल, आणि नेमके काय करावे. यांतील चौथी गोष्ट सर्वांत जास्त वेळा राहून जाते. मागणी नसेल तर अधिकाऱ्याला करण्यासारखे काहीच उरत नाही आणि तो प्रामाणिकपणे ‘नोंद घेतली’ असे लिहितो.

प्रथम नेहमी दिसणारे रूप पाहावे:

‘या रस्त्यामुळे निसर्गाची अपरिमित हानी होणार असून आमच्या ओढ्यांचे अस्तित्व धोक्यात येणार आहे. तरी हा प्रकल्प तातडीने रद्द करावा.’

आता त्याच मुद्द्याचे उत्तर मागणारे रूप. यातील क्रमांक व मापे केवळ नमुन्यासाठी घेतली आहेत:

‘हरकत क्र. ४: अहवालाच्या तिसऱ्या प्रकरणात, पृष्ठ ११२ वर, साखळी क्रमांक ७/४०० येथील प्रवाह “हंगामी नाला” असा नोंदवला असून पाहणी मार्च महिन्यात झाल्याचे नमूद आहे. सोबतच्या परिशिष्ट २ मधील २५ जुलैच्या छायाचित्रांत त्याच ठिकाणी सुमारे चार मीटर रुंदीचा प्रवाह दिसतो. येथे ९०० मिलिमीटर व्यासाची एकच नळकांडी मोरी प्रस्तावित आहे. तिच्या आकारमानासाठी पावसाळी विसर्ग किती धरला, हे अहवालात दिलेले नाही. मोरी अपुरी पडल्यास भरावाच्या वरच्या बाजूस पाणी साचेल. मागणी: एक, पावसाळी विसर्ग मोजून मोरीचे गणित अंतिम अहवालात जोडावे. दोन, ते होईपर्यंत या ठिकाणच्या भरावाला मंजुरीची शिफारस करू नये.’

दुसऱ्या रूपात एकही भडक विशेषण नाही, तरीही ते जास्त कडक आहे. प्रकल्प रद्द करण्याची मागणी करायची असेल तर ती अर्जाच्या शेवटी, सर्व मुद्द्यांचा एकत्रित परिणाम सांगून, एकदाच करावी.

मुद्दे आठ-दहापेक्षा जास्त नसावेत. चाळीस मुद्द्यांच्या हरकतीत सल्लागार सोपे पंधरा मुद्दे निवडून सविस्तर उत्तरे देतो आणि कठीण मुद्द्यांना ‘वरीलप्रमाणे’ म्हणतो. भक्कम मुद्दा पहिल्या क्रमांकावर असावा. ‘आमचा विकासाला विरोध नाही, परंतु’ ही सुरुवात पूर्णपणे वगळावी. ती कोणी वाचत नाही आणि कायद्यात तिची गरजही नाही.

छापील नमुन्याबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. एकाच मजकुराखाली पाचशे जणांनी वेगवेगळ्या सह्या केल्या तर वृत्तपत्रात मोठा आकडा छापून येतो. पण छाननीत त्या सर्व हरकती ‘समान आशयाच्या’ म्हणून एका ओळीत गुंडाळल्या जातात. त्याऐवजी सोसायटीतील किंवा गावातील दहा जणांनी मुद्दे वाटून घ्यावेत: शाळेच्या मुख्याध्यापकांनी आवाजाचा, विहीरमालकांनी पाण्याचा, मेंढपाळांनी गवताळ जमिनीचा आणि रस्ता ओलांडण्याच्या वाटांचा.

तपासणी: लिहून झाल्यावर प्रत्येक मुद्दा घरातील अशा व्यक्तीला वाचायला द्यावा जिला प्रकल्पाची माहिती नाही, आणि ‘याला फक्त नोंद घेतली असे उत्तर देता येईल का?’ असे विचारावे. उत्तर हो आले तर तो मुद्दा पुन्हा लिहावा.

टप्पा ७: दाखल करावी

अर्जावर पूर्ण नाव, पत्ता, तारीख, सही आणि जाहीर सूचनेचा क्रमांक असावा. दोन प्रती न्याव्यात, एक आवक विभागात द्यावी आणि दुसरीवर तारखेसह शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. जनसुनावणीच्या प्रकल्पात लेखी हरकत प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात, विकास आराखड्याच्या फेरबदलात अधिसूचनेत नमूद केलेल्या अधिकाऱ्याकडे द्यावी. कलम ३७ खालील फेरबदल राज्य सरकार स्वतः करत असेल, तर हरकती महापालिकेऐवजी नगररचना विभागाच्या सहसंचालकांकडे मागवलेल्या असू शकतात. अधिसूचनेचा शेवटचा परिच्छेद नीट वाचावा. केवळ ई-मेलवर विसंबू नये. ई-मेल पाठवलाच तर त्याची छापील प्रत स्पीड पोस्टानेही पाठवावी आणि ती मुदतीच्या आत पोहोचेल असे पाहावे, कारण मुदत पाठवण्याची नसून मिळण्याची धरली जाते.

टप्पा ८: सुनावणीत काय करावे

जनसुनावणीचे अध्यक्षस्थान जिल्हाधिकारी किंवा अतिरिक्त जिल्हादंडाधिकाऱ्यापेक्षा कमी दर्जा नसलेला त्यांचा प्रतिनिधी भूषवतो. सुनावणी प्रकल्पाच्या ठिकाणी किंवा अगदी जवळ व्हावी लागते आणि तिचे पूर्ण चित्रीकरण करावे लागते. उपस्थित असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारण्याची आणि स्पष्टीकरण मागण्याची संधी द्यावी लागते. तेथे ‘तुम्ही या गावचे नाही’ हा आक्षेप चालत नाही. गणपूर्तीची अट नसल्यामुळे बहिष्काराने सुनावणी रद्द होत नाही. बहिष्कार घातला तर इतिवृत्तात विरोधाची नोंदच राहत नाही, एवढेच होते.

बोलायला तीन-चार मिनिटे मिळतात असे धरून चालावे. नाव आणि गाव सांगावे, लेखी हरकतीचा आवक क्रमांक सांगावा, आणि दोनच मुद्दे प्रश्नाच्या रूपात विचारावेत. प्रश्न विचारल्यावर गप्प बसावे व उत्तराची वाट पाहावी. सल्लागाराने ‘अंतिम अहवालात समाविष्ट करू’ असे म्हटले तर हे आश्वासन इतिवृत्तात घ्यावे, अशी विनंती अध्यक्षांना त्याच क्षणी करावी. घोषणा सुरू झाल्या की चित्रीकरणात कोणाचाच मुद्दा ऐकू येत नाही.

शेवटी उपस्थितांसमोर मुद्द्यांचे टिपण स्थानिक भाषेत वाचून समजावून सांगितले जाते आणि त्याच दिवशी इतिवृत्तावर सही होते. या वाचनापर्यंत थांबणे अनिवार्य समजावे. एका सुनावणीत मी शेवटची एसटी गाठण्यासाठी अर्धा तास आधी निघालो. माझ्या भूजलाच्या मुद्द्याची नोंद ‘गावास पाणीपुरवठ्याची मागणी’ अशी झाली आणि ती दुरुस्त करून घेण्यासाठी पुढे दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला.

विकास आराखड्याची सुनावणी निराळी असते. तेथे ज्यांनी मुदतीत लेखी हरकत दिली त्यांनाच नियोजन समितीपुढे बोलावले जाते आणि वेळ आणखी कमी असतो. नकाशाची एक मोठी प्रत, त्यावर लाल शाईने दाखवलेला भाग आणि एक पानी मागणी एवढेच सोबत न्यावे.

टप्पा ९: सुनावणीनंतर

बहुतेक गट येथे थांबतात, आणि खरा निर्णय येथून पुढे होतो. जनसुनावणीतील मुद्दे आणि त्यांवरील उत्तरे अंतिम अहवालात घालावी लागतात. तो अहवाल ‘परिवेश’वर आला की आपल्या मुद्द्यासमोरचे उत्तर शोधावे. मग तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या बैठकीची विषयपत्रिका प्रसिद्ध होण्यावर लक्ष ठेवावे आणि बैठकीआधी समितीच्या सचिवांना दोन पानांचे पत्र पाठवावे: कोणत्या मुद्द्याला उत्तर मिळाले नाही, कोणत्या आश्वासनाचा अहवालात मागमूस नाही. नवे मुद्दे येथे काढू नयेत.

मंजुरी मिळाली तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १६ खाली अपील करण्याची मुदत ३० दिवसांची आहे. सबळ कारण दाखवल्यास आणखी ६० दिवस मिळू शकतात, त्यानंतर एक दिवसही नाही. मंजुरीपत्र संकेतस्थळावर दिसले त्या दिवसापासून मोजणी सुरू झाली असे समजावे आणि त्या पानाची तारखेसह छापील प्रत काढून ठेवावी. मंजुरीविरुद्धचे अपील नसून पर्यावरणीय कायद्याच्या अंमलबजावणीचा वाद असेल तर कलम १४ खाली सहा महिन्यांची मुदत आहे. न्यायाधिकरणाचे पश्चिम विभागीय खंडपीठ पुण्यातच आहे, नुकसानभरपाईची मागणी नसलेल्या अर्जाचे शुल्क एक हजार रुपये आहे आणि स्वतः उभे राहून बाजू मांडता येते. मात्र तांत्रिक प्रकरणात वकील घेणे शहाणपणाचे.

इशारा: हरित न्यायाधिकरण फक्त त्याच्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील सात कायद्यांचे विषय ऐकते. १९७५ चा वृक्ष कायदा, नगररचना अधिनियम आणि १९७२ चा वन्यजीव कायदा त्या यादीत नाहीत. केवळ या कायद्यांवर आधारलेला वाद उच्च न्यायालयातच न्यावा लागतो. चुकीच्या ठिकाणी गेलेले महिने मुदतीच्या हिशेबात परत मिळतील, असे गृहीत धरू नये.

काम सुरू झाल्यावरही एक दार उघडे राहते. मंजुरीपत्रातील अटींच्या पूर्ततेचा अहवाल प्रकल्पकर्त्याला दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबर या तारखांना सादर करावा लागतो. आपल्या हरकतीमुळे मोरीचा आकार, आवाजरोधक भिंत किंवा राडारोड्याची जागा याबाबत एखादी अट पडली असेल, तर तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवावा, दर सहा महिन्यांनी त्या साखळी क्रमांकावर जाऊन छायाचित्र घ्यावे आणि पूर्तता अहवालातील विधानाशी ते पडताळावे. फरक दिसला तर पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाला पत्र द्यावे. त्यात अटीचा क्रमांक, साखळी क्रमांक आणि तारीख एवढेच लिहून छायाचित्र जोडावे.